जर्दाळूचा गुरुवार

बिश्केक, १२ जानेवारी

आदरणीय उम्सुनताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, बेइशेनचा, दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम. कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? (डावा विशेष. उजव्याची खबर मला आधीच मिळाली.) भाऊजींचा खोकला थांबला का? घोडी व्याली का? आणि कोठारावरचा जो पत्रा वाऱ्यानं उडाला होता तो सापडला, की अजून शेजाऱ्याच्या कोठारावर आहे? आत-बाशीला यंदा पारा उणे तिसाच्या खाली गेला असं रेडिओवर ऐकलं आणि तुझ्या आठवणीनं जीव कासावीस झाला. मेंढरं सुखरूप असोत, चुलीला सरपण पुरेसं असो, दारात माणसांचा राबता असो. आम्ही इथे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि साल्कीन. (सध्या आम्ही नवरा-बायको एकमेकांशी मोजकंच बोलतो, पण त्यानं तब्येतीला काही होत नाही. माझं वजन उलट वाढलंय.)

तू म्हणशील, घरात फोन असताना ह्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं? तर ताई, आमच्या घराच्या भिंती अशा की दिवाणखान्यात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात आधी ऐकू जातं आणि तुला नंतर. आणि ही हकिकत स्वयंपाकघरात ऐकू जाऊन चालणार नाही. म्हणून साल्कीन बाजाराला गेली ती वेळ साधून लिहायला बसलोय.

आमची बेगाइम जनावरांची डॉक्टर होतेय हे तुला ठाऊक आहेच. नोव्हेंबरात ती चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी नोवोसिबिर्स्कला गेली, आणि जाताना तिच्या खोलीत एक काचेची पेटी ठेवून गेली. पेटीत साप. दचकू नकोस. बिनविषारी आहे, परदेशी जातीचा आहे, मक्याच्या कोठारात उंदरांमागे फिरणारी ही जात म्हणे. उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आला, म्हणजे अजून दूधपिता म्हणायचा (दूध पीत नाही, बोलण्याची रीत). जाडीला माझ्या करंगळीएवढा, लांबीला बुटाच्या नाडीपेक्षा थोडा जास्त, आणि रंग असा केशरी की बेगाइमनं त्याचं नावच जर्दाळू ठेवलंय. साल्कीननं पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, झाडायलाही नाही, आणि ती खोली आता माझी. अशा तऱ्हेनं लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर मला घरात स्वतःची खोली मिळाली.

पोरीनं मला भिंतीवर चिकटवायला एक कागद लिहून दिला. तिला माहीत होतं कोणाला देतेय. ट्रॉलीबसच्या आगारात एकतीस वर्षं गाड्या सोडायचं काम केलं मी. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी निघणार हे झोपेतही सांगत असे. आता गाड्या बंद झाल्या, तारासुद्धा उतरवल्या, आणि मी दोन वर्षं खिडकीत बसून खालून जाणाऱ्या मिनीबसच्या वेळा वहीत लिहितोय. (एकही वेळेवर येत नाही. कोणाला सांगणार?) अशा माणसाच्या हातात कोणीतरी वेळापत्रक दिलं, ताई, तर त्याला काय वाटेल! ‘दर गुरुवारी एक. एकच. उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, फ्रीजरमधून काढून कोमट पाण्यात पिशवीसकट ठेवायचं, चिमट्यानं द्यायचं. दिल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ आली, तेव्हा तो खाणार नाही, घाबरू नका. पेटीच्या झाकणाचा चाप दर वेळी लावा.’ आणि सगळ्यात खाली लाल शाईनं, ‘बाबा, तो भुकेला दिसेल. तो कायमच भुकेला दिसतो. विश्वास ठेवू नका.’

फ्रीजरबद्दल साल्कीननं पुष्कळ आदळआपट केली. शेवटी तिनं उंदरांच्या डब्यावर ‘हे खायचं नाही’ अशी चिठ्ठी लावली, आणि मग त्याच्याच शेजारी आपली मटणाच्या मोदकांची पिशवी होती तिच्यावर ‘हे खायचं’ अशी. मी चष्मा लावल्याशिवाय फ्रीजर उघडायचा नाही असं ठरलं.

पहिले तीन गुरुवार काय सांगू! ठीक अकरा वाजता मी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून पेटीपाशी हजर. (माझं नावच गुरुवारचं, त्या दिवशी जन्मलो म्हणून आईनं ठेवलेलं. मला तर हा वारच आपला वाटला.) चिमट्यात पिल्लू धरून जरा हलवलं की जर्दाळू आपल्या नारळाच्या करवंटीतून डोकं बाहेर काढायचा, मानेचा आकडा करायचा, जीभ भराभर लपलपवायचा, आणि मग इतक्या चपळाईनं झडप घालायचा की मी दर वेळी एक पाऊल मागे सरायचो. वेटोळं घालून दाबायचा (ते आधीच मेलेलं असतं, पण त्याचा नियम म्हणजे नियम) आणि डोक्याकडून गिळायला लागायचा. पहिल्यांदा सहा मिनिटं दहा सेकंद, दुसऱ्यांदा पाच वीस, तिसऱ्यांदा चार चाळीस. मी वहीत लिहून ठेवलंय. गाडी वेळेवर सुटल्यावर जे समाधान मिळायचं तेच.

चौथ्या आठवड्यात गडबड झाली. शनिवारी सकाळी मी खोलीत गेलो तर जर्दाळू काचेला नाक लावून उभा. उभा म्हणजे अर्धं अंग वर उचलून. मी डावीकडे सरकलो, तो डावीकडे. मी उजवीकडे, तो उजवीकडे. मग पेटीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात येरझारा, मध्येच थांबून माझ्याकडे बघणं, शेपटीचं टोक थरथरवणं. ताई, लाल शाईतलं वाक्य मला पाठ होतं. पण तू मला सांग, आपल्या घरात कोणी दारात उभा राहून तुझ्याकडे असा बघत असेल, आणि आत फ्रीजरमध्ये डबा भरलेला असेल, तर आपल्याला कुणी काय शिकवलंय? आपल्याकडे पाहुणा ‘पोट भरलं’ म्हणाला तरी आपण ते खोटं धरतो. इथे तर हा बापडा नाही म्हणतच नव्हता! मी दिलं. सोमवारी पुन्हा तेच नाटक. पुन्हा दिलं, आणि ते जरा बारीक वाटलं म्हणून वर आणखी एक. त्यानं तिन्ही वेळा अशी झडप घातली की जणू मी त्याला महिनाभर कोंडून ठेवलंय.

मंगळवारी मला कौतुक दाखवायची हौस आली. तीच नडली. खाली दुसऱ्या मजल्यावर झिनाइदा ल्वोव्ना राहते, पूर्वी औषधांच्या दुकानात होती ती, नवरा जाऊन सात वर्षं झाली. ती कशालाच घाबरत नाही. जर्दाळूला माझ्या केसाळ टोपीत घालून मी तिच्याकडे नेला. (दोन दिवस हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. मी हात लावला नाही, टोपी लावली.) ती टेबलाशी शब्दकोडं सोडवत होती. “अरे वा, केवढा गुटगुटीत!” असं ती म्हणाली, तिनं बोट पुढे केलं, आणि जर्दाळूनं तोंड वासून सोमवारची दोन्ही पिल्लं तिच्या शब्दकोड्यावर परत केली. वासाबद्दल लिहीत नाही. तुझं जेवण झालं आहे की नाही मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी बेगाइमला फोन केला. “किती दिलंत?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “एक.” ती नुसतीच “बाबा” म्हणाली. मी म्हटलं, “चार.” “किती दिवसांत?” “गुरुवार धरून... पाच.” मग म्हणाली, आणि रागावून नाही, हेच वाईट, “बाबा, अशी पिल्लं यानंच मरतात. पोटातला रस निघून जातो, पुन्हा दिलं की पुन्हा ओकतात, आणि तिसऱ्या खेपेला संपतात. आता बारा दिवस काही म्हणजे काही द्यायचं नाही. तो काचेवर डोकं आपटेल. बघू नका. तेराव्या दिवशी सगळ्यात लहान पिल्लू द्या. ते टिकलं तर वाचला.”

ताई, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जिवाला आपण दुष्टपणानं मारलं तर निदान आपण दुष्ट तरी असतो. मी त्याला लाड करून मारत होतो.

ते बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तो काचेवर डोकं आपटत नव्हता, त्याहून वाईट करत होता. मी खोलीत शिरलो की सावकाश येऊन पुढे बसायचा आणि नुसता बघायचा. सापाला पापण्या नसतात हे तुला सांगायला नको. तो बघायला लागला की बघतच राहतो. सातव्या दिवशी त्याचे डोळे दुधाळ झाले, तेव्हा मला हायसं वाटलं, कारण निदान त्याला मी दिसत नव्हतो. दहाव्या दिवशी त्यानं कात टाकली, अख्खी, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, आणि नवा कोरा केशरी होऊन दुप्पट भुकेला झाला. मी आजारी माणसाच्या खोलीत चालावं तसा चवड्यांवर चालत होतो. साल्कीन दाराबाहेरून विचारायची, “मेलं का?” मी म्हणायचो, “नाही.” ती म्हणायची, “हं.” आणि जायची.

आणि याच दिवसांत पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. बेगाइमचं ज्याच्याशी जुळलंय त्या एर्मेकचे वडील सामुदिन आणि त्याची आजी बुरुल. मुलगी गावात नसली तरी आईबापांना भेटून घर बघायला, बोलणी पुढे न्यायला. कधी? रविवारी एक वाजता. तो जर्दाळूचा तेरावा दिवस होता.

साल्कीननं एकच हुकूम सोडला. पाहुण्यांना त्या प्राण्याचा सुगावा लागता कामा नये. होणारी सून घरात साप पाळते हे त्या म्हातारीला पहिल्या भेटीत कळलं तर भेट तिथेच संपेल. पेटीवर तिनं आपल्या लग्नातलं भरतकामाचं कापड झाकलं (स्वतः आत येऊन! चौतीस वर्षांत तिचा असा धीर मी पाहिला नव्हता) आणि शुक्रवारपासून घर घासायला घेतलं.

रविवारी अकरा वाजता मी सगळ्यात लहान पिल्लू कोमट पाण्यातून काढलं, पुसलं, आणि कापड उचललं. झाकणाचा चाप उघडा. पेटी रिकामी. ताई, एकदा माझ्या पाळीत सहा नंबरची गाडी आगारातून निघाली आणि शेवटच्या थांब्यावर पोचलीच नाही, तेव्हाही माझ्या पायाखालची जमीन अशी सरकली नव्हती. (गाडी सापडली. तिचा ड्रायव्हर वाटेत सासुरवाडीला जेवायला थांबला होता.) चाप मीच विसरलो असणार, दुसरं कोण त्या खोलीत जातं? साल्कीनला सांगायची सोय नव्हती. ती त्या वेळी एका हातानं पीठ मळत होती आणि दुसऱ्या हातानं मला शिव्या द्यायला मोकळी होती. ते पिल्लू मी घाईत सदऱ्याच्या खिशात टाकलं, वरून स्वेटर चढवला आणि शोधायला लागलो. पलंगाखाली, कपाटामागे, बुटांत. साल्कीननं विचारलं, “काय हरवलंय?” मी म्हटलं, “बटण.” ती म्हणाली, “मग रेडिओच्या आत कशाला बघताय?”

एक वाजला, घंटी वाजली.

सामुदिन म्हणजे उंचीला दार आणि रुंदीला पण दार. पूर्वी कुस्ती शिकवायचा. आणि बुरुल आजी एवढीशी, चिमणीसारखी, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, डोळे मात्र लखलखीत. सलाम झाले, गुरंढोरं-नातवंडांची चौकशी झाली, आणि साल्कीननं आजींना मानाच्या जागी बसवण्यासाठी हीटरशेजारच्या चळतीतून सगळ्यात जाड गाद्या ओढल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक गादी उघडताना मी पुढे होऊन घडीत डोकावत होतो, कारण थंडीत उपाशी सापाला ऊब कुठे मिळेल याचा विचार मी दोन तास सगळीकडे केला आणि नेमका तिथे केला नव्हता. काहीच पडलं नाही. आजी बसल्या. चहाचे पेले फिरले. तळलेले बोर्सोक, लोणी, मुरांबा, मग भाजलेलं मटण. बोलणं झकास रंगलं. सामुदिन सांगत होता की आमचा एर्मेक जनावरांच्या बाबतीत जरा हळवा आहे, आणि मी पुढे वाकून त्याच्या पेल्यात चहा ओतत होतो, इतक्यात आजींच्या मागे दुमडलेल्या गादीच्या घडीतून एक केशरी डोकं बाहेर आलं.

त्यानं जीभ काढली. हवेत फिरवली. आणि सरळ माझ्या छातीच्या दिशेनं निघाला. खिशातलं ते पिल्लू, ताई! तेरा दिवसांच्या उपाशी जिवाला त्याचा वास लागला होता. चादरीवरून, लोण्याच्या वाटीला वळसा घालून, मानेचा आकडा करत करत तो येत होता, आणि मी किटली धरून पुतळ्यासारखा.

मग सामुदिननं पाहिलं. कुस्तीगीर माणूस, एका उडीत खिडकीच्या कट्ट्यावर. कुंडी फुटली. साल्कीन पांढरीफटक. पण बुरुल आजी बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “कोणी मारायचं नाही. घरात आलेला जीव आहे. पोरी, दूध आण.”

पुढचं तुला सांगायला नको. आपल्या तबेल्यात साप निघाला होता तेव्हा आईनं केलं होतं तेच. आजींनी बोटांनी दूध घेऊन जर्दाळूच्या डोक्यावर सोडलं, “सुखानं आलास, सुखानं जा, या घराला बरकत ठेवून जा,” असं म्हटलं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. (जर्दाळूनं दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं लक्ष माझ्या खिशावर.) आणि मग आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता घरधन्यानं त्याला उंबऱ्याबाहेर सोडून यायचं. अंगणापर्यंत. आम्ही खिडकीतून बघतो.”

बाहेर उणे सोळा होतं.

मी साल्कीनकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘आजी, हा पाळीव आहे, तुमच्या होणाऱ्या सुनेचा आहे, याला बाहेर सोडलं तर दहा मिनिटांत काडी होईल’ असं म्हणायचं? त्या माऊलीनं आत्ताच त्याला दुधानं निरोप दिलेला. “सोडून येतो,” मी म्हटलं. जर्दाळूला दोन्ही हातांत उचललं, कोट अंगावर टाकला, आणि पहिल्याच जिन्याच्या वळणावर त्याला स्वेटरखाली, पोटाशी घातला.

अंगणात आलो. वर पाचव्या मजल्यावर खिडकीत तीन चेहरे. (सामुदिन अजून कट्ट्यावरच होता, त्याला सगळ्यात चांगलं दिसत असणार.) खिडकीकडे पाठ करून मी झुडपापाशी वाकलो, सोडल्यासारखं केलं, आणि वळून निघणार तोच स्वेटरच्या आत दणका बसला. जर्दाळूला खिसा सापडला होता.

ताई, खाताना सापाला हलवायचं नाही. हलवलं तर टाकून देतो. आणि हा घास त्यानं टाकला तर तो गेला. ‘ते टिकलं तर वाचला’, पोरीचे शब्द. मी जिथे होतो तिथेच थिजलो. कोटाला बटणं लावली नव्हती, टोपी वरच राहिली होती. मी मान खाली घालून, दोन्ही हात छातीवर धरून, श्वासही बेतानं घेत उभा. आत वेटोळं आवळलं गेलं, सैल झालं, मग हळूहळू ते गिळणं सुरू झालं. माझ्या बरगडीला एकेक हालचाल कळत होती. कानांची जाणीव गेली. मिशीवर बर्फ धरलं. समोरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, मला नमस्कार करून गेल्या. सात मिनिटं तरी झाली असतील, घड्याळाकडे बघायचं म्हणजे हात हलवावा लागला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळ मोजली नाही.

मग आत सगळं शांत झालं आणि पोटाशी एक ऊबदार गाठ बसली. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन झिनाइदाच्या हातात ती गाठ दिली. तिनं नवऱ्याचं जुनं मासे ठेवायचं काचपात्र काढलं, तळाशी गरम पाण्याची बाटली ठेवली आणि मला एक पेला काहीतरी प्यायला दिलं (औषधी).

वर आलो तर सामुदिन खाली उतरला होता आणि त्याचे डोळे पाणावले होते. “व्याही,” त्यानं माझे दोन्ही हात धरले, “सापासाठी बर्फात बोडक्यानं उभं राहून एवढी मोठी दुआ मागणारा माणूस मी पाहिला नाही. अशा घरची मुलगी आम्हाला हवी.” आजींनी मान डोलावली आणि माझ्या स्वेटरकडे बघत राहिल्या. लग्न वसंतात ठरलं, ताई! तुझ्याकडून मेंढा येईल असं मी कबूल करून टाकलंय.

जर्दाळूनं तो घास ठेवला. दुसराही ठेवला. आज तो पुन्हा गुटगुटीत आहे. फक्त खाली आहे. कारण साल्कीननं पाहुण्यांदेखत सांगितलं की ज्याला दुधाचं पांढरं ओतून घालवलं त्याला त्या घरात परत आणायचं नसतं, आणि आजींनी त्याला ‘हो’ म्हटलं. साल्कीनला वाटतं की तो त्या झुडपाखाली गोठून गेला. त्या रात्री तिनं रिकाम्या पेटीवरचं कापड काढून घडी घातली आणि मला म्हणाली, “पोरीला काय सांगणार आहात?” मी म्हटलं, “बघतो.” तेव्हापासून ती माझ्याशी तुटक. दर गुरुवारी अकरा वाजता मी ‘झिनाइदाचा नळ गळतो’ म्हणून खाली जातो. खरं तर रविवारी आणि मंगळवारीही जातो, नुसता बघायला. परवा साल्कीन म्हणाली, “तीन आठवडे गळतोय. मोठाच नळ दिसतो.” खाली जाताना मी दाढी करून स्वच्छ सदरा घालतो, तेही तिनं पाहिलंय.

असो. कागद संपत आला. भाऊजींना सलाम, नातवंडांचे पापे, आणि आपल्या गावच्या वाऱ्यालाही माझी आठवण सांग. तू शंभर वर्षं जग आणि तुझा डावा गुडघा तुझ्याबरोबर.

तुझा भाऊ,
बेइशेन

ता. क. एक लहानसं काम होतं, विसरलोच होतो. तू साल्कीनला एक पत्र लिही. त्यात इकडचं तिकडचं लिहून झाल्यावर सहज आल्यासारखं लिही की आई म्हणायची, पांढरं ओतून घालवलेला साप आपण होऊन पुन्हा त्याच दारात आला तर त्या घरातल्या मुलीचा संसार चाळीस वर्षं सुखाचा होतो. मग एका सकाळी तो मला आमच्या पायपुसण्यावर ‘सापडेल’. बेगाइम मार्चात यायच्या आत हे व्हायला हवं.

ता. क. २. आई असं कधी म्हणाली नव्हती हे मलाही माहीत आहे. पण ती असती तर माझ्यासाठी म्हणाली असती.

ता. क. ३. फार रंगवू नकोस. साल्कीन हुशार आहे. आणि हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत टाक.

*

वन्सं, मी साल्कीन. पत्र रेडिओखाली ठेवलं होतं, किटलीच्या वाफेवर उघडलं. पुन्हा चिकटवून मीच टाकते, म्हणजे ह्यांना कळायचं नाही.

मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. बुरुल आजी त्याच दिवशी स्वयंपाकघरात पेले विसळताना माझ्या कानात म्हणाल्या, “पोरी, रडू नकोस, तुझ्या नवऱ्यानं त्याला पोटाशी धरलाय, आत्ता खिडकीतून स्वेटर हलताना दिसला. उपाशी होता बिचारा.” तरुणपणी त्या सापांचं विष काढायच्या केंद्रात होत्या, त्यांना सगळं कळतं. झिनाइदाही दर शुक्रवारी वर येऊन मला किती खाल्लं, किती वाढला ते सांगून जाते. आणि वन्सं, तो चाप ह्यांनी उघडा टाकला नव्हता. तो मी टाकला. बारा दिवस झाले होते, हे निजल्यावर मी जरासं कापड उचलून आत बघायला गेले होते. तो काचेशी आला आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मी झाकण उघडून त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. हे ह्यांना कधीही सांगू नका.

पण पाहुण्यांसमोर ‘परत आणायचं नसतं’ असं मीच म्हणून बसले, आता आपल्या तोंडानं ‘आणा’ कसं म्हणू? तेव्हा ते पत्र तुम्ही जरूर लिहा. आईंचं नाव घालून लिहा, आणि चाळीसऐवजी पन्नास वर्षं लिहा. मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन आणि अगदी चकित होईन.

फक्त लवकर लिहा. झिनाइदा म्हणते, सापाचं काही नाही, तो आठवड्यातून एकदा खातो आणि गप्प बसतो. पण हे येऊन तिच्याकडे दर खेपेला दोन वाट्या मुरांबा संपवतात, आणि यंदाची तिची शेवटची बरणी आता उघडली आहे.